गळ, तळं आणि आमचे माळकरी

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर बजावलं होतं, "दहा मिनिटं बोल, पण नोकरी, मुलं आणि गुडघे हे तीन विषय सोडून." सॉफ्टवेअरवाल्या बाईकडून नोकरी काढून घेतली तर फारसं उरत नाही. माझ्याकडे मासे उरले. म्हणून मी माशांवर बोलणार आहे, आणि थोडं नवऱ्यावर. तो मागून तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसलाय. त्याला विचारूनच बोलतेय.

समोर भूगोलाच्या बाई बसल्यात. बाई, आठवीत तुम्ही माझ्या कंपासपेटीतली एक काडेपेटी जप्त केली होतीत. तिच्यात चार गऱ्या आणि ओल्या मातीत ठेवलेली गांडुळं होती. "मुलीची जात आणि गरवायला जातेस?" असं तुम्ही म्हणालात, आणि पुढच्याच वाक्यात "कुठल्या बाजूला लागतात?" असंही विचारलंत. हे वर्गात फक्त पहिल्या बाकाला ऐकू गेलं होतं. ती काडेपेटी अजून परत मिळालेली नाही.

तर साकवाखाली, भरतीचं पाणी चढायला लागलं की आम्ही चार-पाच जण गरवायला बसायचो. एखादं काळुंदर, बरेचदा शेंगटी. शेंगटीचा काटा बोटात गेला की दुसऱ्या दिवशी गणिताच्या वहीत अक्षर वाकडं यायचं, त्यावरून घरी कळायचं. मग इंजिनिअरिंग, पुणं, नोकरी, आणि सिएटल. मधली पंधरा वर्षं मी गळ हातात धरला नाही. तिकडे ऑफिसातले एक वयस्क सहकारी निवृत्त होताना आपली जुनी काठी मला देऊन गेले, आणि ती कशी वापरायची ते दोन रविवार शिकवून गेले. त्या काठीवर मी ट्राउट धरायला शिकले.

ट्राउट म्हणजे थंड आणि वाहत्या हवेच्या पाण्यातला मासा. पाणी वीस अंशांच्या वर तापलं की त्याला श्वास पुरेनासा होतो. त्याच्या अंगावर हिरवट पाठ, काळे ठिपके आणि कडेने एक गुलाबी पट्टा असतो, म्हणून रेनबो ट्राउट. त्याला धरायची तऱ्हा आपल्या गरीसारखी नाही. आपण शिसं लावतो आणि शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते. इथे आमिष म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजनच नाही. म्हणून दोरी स्वतःच जाड आणि जड असते, आणि काठीने ती दोरी फेकायची. मागे नेताना काठी घड्याळातल्या एकवर थांबवायची, दोरी पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत दम धरायचा, आणि मग पुढे दहावर आणायची. सगळी मेख त्या दम धरण्यात आहे. माशीने मासा धरायचा, हे मराठीतच किती छान बसतं ते मला तिकडे गेल्यावर कळलं.

माझं तळं सिएटलपासून पूर्वेला तासाभरापेक्षा कमी अंतरावर, नॉर्थ बेंड गावाजवळ आहे. नाव रॅटलस्नेक लेक. सासूबाईंनी नाव ऐकून पहिल्यांदा देवाला हात जोडले होते. खरं म्हणजे पर्वतरांगेच्या त्या ओल्या बाजूला खुळखुळे साप नसतातच, पण नावाने एवढं एक काम केलं की घरातलं कोणी माझ्याबरोबर यायला मागेना. मला तेच हवं होतं. शनिवारी पहाटे पाचला उठायचं, थर्मासमध्ये चहा भरायचा आणि नऊला डोंगर चढणाऱ्यांची गर्दी होईपर्यंत परत निघायचं. अकरा वर्षं ते तळं माझ्या एकटीचं होतं. हे मी कौतुकाने सांगत नाही. घरात काही बोलायचं टाळायचं असलं की मी तळ्यावर जायचे, आणि नवऱ्याला ते माहीत होतं.

आता नवऱ्याचं घर. ते इंदापूर तालुक्यातलं, आणि माळकरी. सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी सोळाव्या वर्षी माळ घातली आणि शेवटपर्यंत पाळली. कोकणातली सून करून घेताना त्यांनी एकच अट घातली होती की घरातलं एक पातेलं वेगळं ठेवायचं. मी ते आजतागायत ठेवलंय. मी खाते, तो खात नाही, यावरून आमचं कधी भांडण झालं नाही.

एका उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे आले होते. मी सकाळची तळ्यावरून परतले. त्यांनी विचारलं, "किती घावले?" मी म्हटलं, "तीन. सोडून दिले." त्यांना वाटलं, लहान असतील. मी सांगितलं, नाही, चांगले दीड वीत होते, पण मी नेहमी सोडते. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोटासाठी मारता, ते मला कळतं. पण पोटाला लागत नसताना त्याच्या तोंडात लोखंड घालायचं आणि वर सोडलं म्हणून सांगायचं, हे कशापायी?"

माझ्याकडे उत्तर होतं. गळाला उलटा काटा नसतो, तिथे तशी परवानगीच नाही. खरं आमिष चालत नाही. जाळी बिनगाठीची लागते. हात आधी ओले करायचे, म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे नीट छळता." नवरा हसला. मी नाही हसले.

अण्णा दीड वर्षापूर्वी गेले. हा शेवटच्या भेटीला पोचू शकला नाही, विमान दोहाला असताना फोन आला. तेराव्यानंतर परतला तो गप्पच. कामावर जायचा, जेवायचा, मुलीचा अभ्यास घ्यायचा, पण बोलणं मोजून. सात महिने. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी रात्री मी फ्लाय बांधत बसले होते आणि तो म्हणाला, "उद्या मी येऊ का?"

इथे मला शाळेच्या लोकांपुढे खरं सांगायचंय. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते "नको" असंच. ते माझं होतं. तोंडाने मी म्हटलं, "लायसन्स लागेल," आणि त्याने फोन उलटा करून दाखवला. त्याने दुपारीच काढलं होतं.

रात्री जेवणाच्या टेबलावर त्याला गाठ शिकवली. दोरा गळाच्या डोळ्यातून घालायचा, स्वतःभोवती पाच पिळे द्यायचे, टोक पहिल्या फटीतून आणि मग मोठ्या फासातून काढायचं, थुंकी लावायची आणि ओढायचं. कोरडी ओढली तर दोरा घासून तापतो आणि कमजोर होतो. त्याच्या सहा गाठी सुटल्या. सातवी बसली तेव्हा त्याने ती मुलीला उठवून दाखवली.

पहाटे पोचलो तेव्हा अजून अंधार होता. ऑक्टोबरात त्या तळ्याचं पाणी उतरलेलं असतं आणि काठाकाठाने मोठमोठे बुंधे उघडे पडतात. दोघांच्या कवेत मावणार नाहीत इतके जाड, करवतीने सपाट कापलेले. प्रत्येकाच्या अंगावर माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर खाचा आहेत. जुने लाकूडतोडे त्यांत फळी अडकवून तिच्यावर उभे राहायचे. मी हे बुंधे अकरा वर्षं बघत होते. माझ्या लेखी ते ट्राउटचे आडोसे होते. त्यांच्या सावलीच्या कडेला फ्लाय सोडायची, बस.

मी पंपाने फ्लोट ट्यूब फुगवत होते. ती म्हणजे पाण्यात तरंगणारी खुर्ची. छातीपर्यंत येणारी विजार चढवून, पायांत बदकासारखे पंजे घालून तिच्यात बसायचं आणि उलटं वल्हवत जायचं. पेट्रोलची होडी तिथे चालत नाही. मान वर केली तर हा मोबाइलच्या उजेडात माहितीचा फलक वाचत उभा होता.

तो फलक मीही वाचला होता. या तळ्याच्या जागी मॉन्क्टन नावाचं रेल्वेच्या कडेचं छोटं गाव होतं. सिएटल शहराने वरच्या अंगाला सीडर नदीवर दगडी धरण बांधलं. त्याच्या कडेचा डोंगर म्हणजे हिमनदीने आणून टाकलेली वाळू आणि गोटे. पाणी अडवल्यावर ते त्या डोंगरातूनच पाझरायला लागलं आणि १९१५ साली गावाच्या जमिनीतून वर आलं. धरण फुटलं नाही, लोंढा आला नाही. पाणी रोज थोडं थोडं चढत गेलं आणि लोक घर सोडत गेले. मी नवऱ्याला हे कधीच सांगितलं नव्हतं. विसरले म्हणून नाही. त्याचं गाव उजनीच्या पाण्यात आहे.

१९८० च्या सुमाराला भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं. पाणी चढलं तेव्हा हा दीड-दोन वर्षांचा होता, त्यामुळे त्याला जुनं गाव आठवत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याने मला पळसदेवचं देऊळ लांबून दाखवलं होतं, पाण्यात अर्धं बुडालेलं. "आमचंही असंच कुठंतरी आहे" एवढंच म्हणाला आणि भिगवणला चहा प्यायला घेऊन गेला.

फलक वाचून तो एका बुंध्यावर येऊन बसला आणि बोलायला लागला. मे महिन्यात पाणी उतरलं की अण्णा त्याला आणि बहिणीला घेऊन चिखल वाळलेल्या जमिनीवरून चालत जायचे. तिथे जोत्यांच्या रांगा असायच्या. अण्णा एका जोत्यावर चढायचे, चपला बाहेर काढायचे. ही ओसरी. इथे चूल. इथे तुझी आजी बसायची. मग पिशवीतून भाकरी काढून तिघं त्या नसलेल्या स्वयंपाकघरात बसून जेवायचे आणि अण्णा मुलांना पाण्याच्या बाजूला पाठ करून बसवायचे. "का रे?" मी विचारलं. "माहीत नाही. विचारायचं राहिलं." एवढं बोलून तो उठला आणि म्हणाला, "चल, मला त्या खुर्चीत बसव."

पुढची कथा सगळ्या नवशिक्यांची. पहिल्या फेकीत फ्लाय त्याच्याच टोपीत. दुसरीत माझ्या बाहीत. शेवटी मी म्हटलं, फेकू नकोस, दोरी मागे सोड आणि हळूहळू पाय मारत जा. काळी ऊली बगर लावली होती, जळवेसारखी दिसते. वीसेक मिनिटांनी काठी वाकली. त्याने बैलाची वेसण ओढावी तशी ओढली आणि दोरी सैल पडली. बिनकाट्याच्या गळात दोरी क्षणभर सैल पडली की मासा गेलाच. "ओढायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं, तो पळतो तर पळू दे," मी ओरडले. मोठ्याने ओरडले, काठावरच्या एका माणसाने कुत्र्याला जवळ घेतलं.

दुसरा लागला तेव्हा त्याने पळू दिलं. मासा दोनदा पाण्याबाहेर उसळला, मग दमला. मी जाळी पुढे केली. नवऱ्याने विजारीच्या वर बाही भिजवत हात पाण्यात बुडवले, माशाला उचललं नाही, जाळीतच पाण्याखाली धरून गळ काढला. तो निसटल्यावरही त्याचे हात बराच वेळ पाण्यातच होते. आठ अंशांचं पाणी असेल. मी म्हटलं, बोटं बधिर होतील. तो रडत होता. मला ते उशिरा दिसलं, कारण आम्ही दोघं आपापल्या ट्यूबमध्ये पाठमोरे फिरत होतो. त्या यंत्रावर जवळ जाणं सोपं नसतं. मी उलटी वल्हवत गेले आणि त्याच्यावर आदळले.

चहा पिताना तो म्हणाला, "अण्णा म्हणाले ते बरोबर होतं." मी म्हटलं, "मग पुन्हा यायचं नाही?" "येणार. पण गळ नको." मला वाटलं, म्हणजे नुसता बसणार. त्याने माझ्या पेटीतली पक्कड घेतली आणि फ्लायचा गळ वळणावरच कापून टाकला. पिसं राहिली, लोखंडाची दांडी राहिली, टोक गेलं.

तेव्हापासून तो तसाच येतो. मासा झेपावतो, दोरीला झटका बसतो, एक-दोन क्षण ओढ लागते आणि सुटते. त्याला त्या झटक्याशीच मतलब आहे. मला ते पटत नाही. मासा जाळीत आल्याशिवाय माझं समाधान होत नाही, आणि खोट्या माशीने त्याला फसवणं हेही फसवणंच, असा माझा मुद्दा आहे. तो म्हणतो, अण्णांना तेवढं चाललं असतं. मी म्हणते, अण्णांना विचारायचं राहिलं. या वादात आता दोन मोसम गेलेत. तो झटके मोजतो. मागच्या खेपेला त्याचे एकोणीस होते, माझे मासे चार.

शनिवारी आता दोन थर्मास भरावे लागतात. आणि हो, तळं पहिल्यासारखं माझं राहिलेलं नाही. कधीकधी त्याचा राग येतो.

आज जेवण झाल्यावर आम्ही लगेच निघतोय, म्हणून हातघाई दिसली तर माफ करा. उद्या सकाळी पळसदेव. पाणी या वर्षी बरंच उतरलंय असं नणंद म्हणाली. तिने भाकरी बांधून घेणार असं कळवलंय आणि मला सुकट आणू नकोस असंही. मी माझ्यापुरती थोडी घेतलीय, वेगळ्या डब्यात.