घरची एस्प्रेसो आणि मुकुटबनचें पाणी



एस्प्रेसो हा शब्द आपल्या वऱ्हाडांत मुळींच नवा नाहीं. लग्नमंडपाच्या कोपऱ्यांत एक चकचकीत यंत्र सूं सूं करीत उभें असतें. त्याची नळी दुधाच्या भांड्यांत बुडते, वाफेनें दूध फुगून वर येतें, तयार कॉफीची पूड व साखर त्यांत आधींच पडलेली असते, आणि वरून कोकोची चिमूट भुरभुरली म्हणजे पेला तयार होतो. याच पेल्याला आपण एस्प्रेसो म्हणतों. तो चवदार असतो; माघाच्या थंडींत वरातीमागून आलेल्या माणसाला तर तो अमृतासारखा वाटतो. परंतु इटलींत ज्या पेयाला हें नांव पडलें त्याचा आणि या पेल्याचा संबंध केवळ वाफेपुरता आहे. तें पेय म्हणजे बारीक दळून घट्ट दाबलेल्या कॉफीच्या थरांतून मोठ्या दाबानें ढकललेलें पाणी. हातीं येतो तो जेमतेम अडीच तोळे दाट, काळसर अर्क, आणि त्यावर तपकिरी सायीसारखा एक पातळ थर.

मुकुटबनच्या एका दांपत्यानें मला विचारलें कीं, बारा हजार रुपयांच्या आंत घरीं घेण्याजोगें एस्प्रेसोचें यंत्र कोणतें? दोघेंही नोकरी करणारीं. शिक्षणाच्या काळांत शहरांत या कॉफीची गोडी लागलेली. आणि आतां संसार झरी-जामणी तालुक्यांत. रक्कम हप्त्यानें फेडावयाची आहे, तेव्हां ती वाया जातां कामा नये, हा त्यांचा आग्रह रास्त आहे. आकाशवाणी हें कंपन्यांची जाहिरात करण्याचें स्थळ नव्हे, म्हणून आजच्या विक्रेत्यांपैकीं कोणाचें नांव मी घेणार नाहीं. शिवाय मुकुटबनसारख्या गांवीं या प्रश्नाचें उत्तर यंत्राच्या नांवांत नसून घरांतल्या पाण्यांत आहे, असें माझें मत आहे. त्याचें कारण पुढें येईलच.

प्रथम यंत्रांचे प्रकार पाहूं. बाजारांतलीं यंत्रें एकाच काळचीं दिसलीं तरी त्यांत तीन पिढ्या दडलेल्या आहेत. १८८४ सालीं तुरिनच्या आंजेलो मोरिओन्दोनें वाफेच्या बळावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. १९०१ सालीं मिलानच्या लुइजी बेत्सेरानें त्या कल्पनेंत सुधारणा करून एकेका पेल्यापुरती कॉफी काढण्याची सोय केली. या यंत्रांत पाणी ढकलण्याचें काम वाफच करी. दाब जेमतेम दीड-दोन बार, पाणी मात्र अति कढत. त्यामुळें कॉफीला करपट वास येई. १९३८ सालीं मिलानच्याच आकिल्ले गाज्जानें वाफेवांचून कॉफी काढण्याचें पेटंट घेतलें आणि महायुद्धानंतर त्याचीं तरफेचीं यंत्रें उपाहारगृहांत दिसूं लागलीं. तरफ ओढली कीं स्प्रिंग आवळली जाई, व ती सुटतांना दट्ट्या पाण्याला कॉफींतून दाबून काढी. ती तपकिरी साय लोकांनीं पहिल्यानें पाहिली ती याच यंत्रांतून. पुढें १९६१ सालीं फाएमा कंपनीनें दट्ट्याचें काम विजेच्या पंपाकडे सोंपविलें.

आज चार-सहा हजारांत एस्प्रेसोच्या नांवानें जें मिळतें तें बहुधा बेत्सेराच्या काळचेंच यंत्र असतें, कवच तेवढें प्लास्टिकचें. त्याची ओळख सोपी आहे. पाण्याच्या टाकीला फिरकीचें घट्ट झांकण असतें आणि यंत्र तापल्यावर मध्येंच पाणी घालतां येत नाहीं. लग्नांतला फेसाळ पेला घरीं हवा असेल तर हें यंत्र चालेल. पण तेवढ्यासाठीं तरी तें कशाला घ्यावें? कढत दूध रवीनें घुसळलें तरी तितकाच फेस येतो.

त्याच्या वरच्या पायरीवर, आठ-दहा हजारांपासून पुढें, पंपाचीं यंत्रें लागतात. त्यांच्या खोक्यावर '१५ बार' किंवा '२० बार' असे मोठे आंकडे छापलेले असतात आणि ग्राहक त्यांनाच भुलतो. एस्प्रेसोला लागणारा दाब सुमारें ९ बार. तो किती, हें आपल्या भागांत सांगणें सोपें आहे: तीनशें फूट खोल विंधन विहीर कांठोकांठ भरली असतां तिच्या तळाशीं जितका दाब असेल तितका. पंपावरचा १५चा आंकडा म्हणजे पाण्याची वाट बंद असतांना पंपानें लावलेला कमाल जोर; कॉफीला त्याचा उपयोग नाहीं. वीस बारचें यंत्र पंधरा बारच्या यंत्राहून सरस असतें असें समजणें म्हणजे हॉर्न मोठा म्हणून मोटार वेगवान मानणें होय.

पाहावयाचें तें दुसरेंच. दांड्याच्या पळींत कॉफी भरण्याची जी वाटी असते तिचा तळ एकेरी आहे कीं दुहेरी? दुहेरी तळाच्या वाटींतून पाणी शेवटीं एकाच सूक्ष्म छिद्रानें बाहेर पडतें. दाब त्या छिद्रामुळें निर्माण होतो, कॉफीमुळें नव्हे. जाडीभरडी, शिळी पूड घातली तरी फेस येतो. पण तो फेसच, अर्क नव्हे. ज्या यंत्राला एकेरी वाटीही मिळते तेंच घ्यावें. वाटीचा व्यास ५१ किंवा ५८ मिलिमीटर असावा, म्हणजे सुटे भाग सहज सांपडतात. मुकुटबनहून नागपूरला वॉशरसाठीं यंत्र पाठवावें लागणें हा कांहीं सुखाचा प्रवास नव्हे.

एकेरी वाटी आली कीं दळणाचा प्रश्न आला. स्वयंपाकघरांतलें मिक्सर कॉफी दळीत नाहीं, तोडतें. त्यांत अर्धी भुकटी होते व अर्धे कण राहतात. पाणी कणांच्या बाजूनें वाट काढून निसटतें, आणि कॉफी एकाच घोटांत आंबट व कडू दोन्ही लागते. येथें पाती नव्हे, जातें हवें. पोलादी दांत्यांचें, बारीक फरकानें जुळवितां येणारें हातजातें चार-पांच हजारांत मिळतें. बारा हजारांतले एवढे पैसे जात्यावर घालावेत, असें मी म्हणतों तेव्हां ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. परंतु चांगलें जातें व साधें यंत्र यांची जोडी चांगलें यंत्र व वाईट जातें यांच्या जोडीहून केव्हांही उजवी ठरते. कॉफी मात्र चिकोरी नसलेली घ्यावी. आदिलाबादकडून येणारी फिल्टर कॉफीची मिश्र पूड त्या पितळी गाळणींत सुरेख उतरते, पण दाबाखालीं तिचा चिखल होतो. बियांसाठीं कोडगू-चिक्कमगळूरकडेच पाहिलें पाहिजे असेंही नाहीं; आपल्या विदर्भांत चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

आतां पाण्याकडे वळूं. मुकुटबन हा चुनखडीचा मुलूख. तिच्याच आधारावर तेथें सिमेंटचा मोठा कारखाना उभा राहिला व २०२२ सालीं त्याचें उत्पादन सुरू झालें. जी चुनखडी कारखान्याचें धन तीच घरांतल्या कॉफीयंत्राची वैरीण. पावसाचें पाणी मातींतून झिरपतांना कर्बवायु घेतें, चुनखडी विरघळवितें आणि कॅल्शियमचे बायकार्बोनेट पोटांत घेऊन विहिरींत येतें. तें तापविलें कीं कर्बवायु निघून जातो व खडूसारखा कार्बोनेट खालीं बसतो. आपल्या गृहिणींना हें रसायनशास्त्र पुस्तकावांचून येतें. ज्या पाण्यांत तुरीची डाळ शिजतां शिजत नाहीं, साबणाला फेस येत नाहीं आणि पाणी तापविण्याच्या पातेल्याला पांढरी खपली धरते, तें पाणी जड. भारतीय मानकानें पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. कॉफीच्या जाणकारांची मर्यादा मात्र ५० ते १७५ च्या दरम्यान. म्हणजे माणसाला चालणारें पाणी यंत्राला चालेलच असें नाहीं.

पातेल्याची खपली घांसून निघते. यंत्राच्या पोटांतली निघत नाहीं, कारण ती दिसतच नाहीं. स्वस्त पंपयंत्रांत बहुधा बॉयलर नसतो. तापलेल्या धातूच्या ठोकळ्यांतून गेलेल्या अरुंद वाटेनें पाणी जातें. त्या वाटेंत क्षार बसूं लागला कीं प्रथम कॉफी कोमट येते, मग धार बारीक होते, आणि एके दिवशीं पंप नुसताच गुरगुरतो. हिशेब करून पाहा. बारा हजारांचें यंत्र रोज एक पेला देत तीन वर्षें टिकलें तर पेल्यामागें यंत्राचे अकरा रुपये पडले. तेंच आठ महिन्यांत बंद पडलें तर पन्नास पडले, आणि हप्ते कदाचित् अजून चालूच!

यावर पुष्कळजण आरओचें निव्वळ पाणी वापरतात. तें खपली धरीत नाहीं हें खरें. पण त्यांतली कॉफी फिकी लागते, आणि बॉयलरच्या कांहीं यंत्रांतील पाण्याची पातळी ओळखणारी कांडी अशा पाण्याला पाणीच मानीत नाहीं. मिश्रण हा सोपा तोडगा आहे. नळाच्या पाण्याचा जडपणा ४०० असेल तर त्याचा एक भाग व आरओचे तीन भाग मिळून तो सुमारें १०० वर येतो. मूळ आंकडा मात्र तपासून घ्यावा. जिल्ह्याच्या ठिकाणीं शासकीय प्रयोगशाळेंत पाणी तपासून मिळतें, आणि थेंब मोजण्याची लहान पेटीही बाजारांत स्वस्तांत असते. येथें एक सूचना गांभीर्यानें द्यावयाची आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या कांहीं भागांत विंधन विहिरींच्या पाण्यांत फ्लोराईड अधिक आढळलें आहे, आणि तें उकळून जात नाहीं. अशा ठिकाणीं चवीसाठीं विहिरीचें पाणी मिसळूं नये. कॉफी थोडी फिकी झाली तरी चालेल.

विजेचें थोडक्यांत सांगतों. व्होल्टेज उतरलें कीं तापविण्याची शक्ति त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत उतरते. २३० ऐवजीं १८० व्होल्ट आले तर साडेतेराशें वॅटचें यंत्र सव्वाआठशें वॅटचेंच उरतें, आणि पंपही मंदावतो. ज्यांच्या घरीं संध्याकाळीं दिवे पिवळे पडतात त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

हें सर्व जमेस धरून त्या दांपत्याला मी पंपाचें यंत्र घेण्याचा सल्ला देत नाहीं. बारा हजारांत त्यांनीं हातजातें घ्यावें, आणि उरलेल्या पैशांत हातानें दाबण्याचें, तरफेचें वा दट्ट्याचें, लहान उपकरण घ्यावें. गाज्जाचें तत्त्व तेंच, फक्त स्प्रिंगच्या जागीं आपला दंड. पाणी निराळ्या किटलींत तापवावयाचें असतें. म्हणून क्षार बसलाच तर तो किटलींत बसतो, जेथें आपला हात पोहोंचतो. वीज गेली तर किटली गॅसवर ठेवतां येते. गैरसोय एकच: एका वेळीं एकच पेला. घरांत चार पिणारे असतील तर ही कवाईत आठ दिवसांत कंटाळवाणी होईल. त्यांनीं थोडे अधिक पैसे सांठवून पंपाचें यंत्र घ्यावें व पाण्याची शिस्त पाळावी.

आणि ज्यांना कॉफी दुधांतच घ्यावयाची आहे त्यांनीं इतकाही खर्च करूं नये. १९३३ सालीं आल्फोन्सो बियालेत्तीनें इटलींत जें अष्टकोनी मोका पात्र काढलें त्याच्या धर्तीचीं पात्रें आपल्याकडे हजार-दीड हजारांत मिळतात. त्याचा दाब एक-दोन बारच असतो, तेव्हां तें एस्प्रेसो नव्हे. पण दाट कॉफी देतें आणि दुधाला पुरून उरतें. फक्त त्याच्या पोटाला जी लहान सुरक्षाझडप असते ती जड पाण्याच्या क्षारानें बुजूं देऊं नये. ती अडकली आणि वरची वाटही कोंदली तर वाफेला जाण्यास जागा राहत नाहीं. महिन्यांतून एकदां झडपेची कळ बोटानें हलवून पाहावी.

किटलीची वा यंत्राची खपली काढण्यास बाजारांतलें लिंबाचें फूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, पुरेसें आहे. लिटरभर कोमट पाण्यांत वीस ग्रॅम घालून अर्धा तास ठेवावें व नंतर दोन-तीनदां स्वच्छ पाणी फिरवावें. भाग ॲल्युमिनियमचे असतील तर आधीं यंत्राची पुस्तिका पाहावी, कारण आम्ल त्या धातूला खातें.

पहिल्याच दिवशीं महागड्या बिया आणूं नयेत. १८ ग्रॅम कॉफींतून ३६ ग्रॅम अर्क पंचवीस ते तीस सेकंदांत उतरला पाहिजे. पंधरा सेकंदांत उतरला तर दळण बारीक करावें, पाऊण मिनिट लागलें तर जाड. हें जुळेपर्यंत पाव किलो कॉफी शिकण्यांत जाते, आणि ती साधी असलेली बरी.