तंजावूरचा धडा : कला, सत्ता आणि समाज

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



'कला आणि संस्कृती' हा घटक आपल्या अभ्यासक्रमात असतो. बहुतेक जण तो यादीसारखा पाठ करतात : अमुक नृत्य अमुक राज्याचे, अमुक चित्रशैली अमुक गावची. या याद्यांचा उपयोग मी नाकारत नाही. परंतु चित्र कोणी काढून घेतले, गाणे कोणापुढे गायिले गेले, त्याचा खर्च कोणी केला आणि पुढे ते कोणाच्या मालकीचे ठरले, हे प्रश्न विचारल्याशिवाय कलेचा इतिहास समजत नाही. हे प्रश्न राजकारणाचे आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी आज आपण कावेरीच्या खोऱ्यातील तंजावूर या एकाच नगरात थांबणार आहोत. महाराष्ट्रापासून इतक्या दूर असूनही मराठी माणसाला परके न वाटणारे हे नगर आहे.

मंदिराच्या भिंतीवरील तीन राजवटी

चोल सम्राट पहिला राजराज याने बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर इ. स. 1010 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवरील तमिळ शिलालेखांत मंदिराला दिलेल्या दानांचा तपशील आहे. मंदिराच्या सेवेसाठी चारशे नर्तकी आणल्याची व त्यांना घरे आणि धान्याचा वाटा नेमून दिल्याची नोंदही त्यात आहे. म्हणजे नृत्य ही राज्याच्या हिशेबातील बाब होती. वरच्या मजल्यावर नाट्यशास्त्रातील 108 करणांपैकी 81 करणे दगडात कोरलेली आहेत. गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या मार्गात चोलकालीन भित्तिचित्रे आहेत. नायक राजांच्या काळात त्यांच्यावर नवा थर देऊन दुसरी चित्रे काढली गेली. अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांनी 1931 मध्ये खालची चोल चित्रे उजेडात आणली. नवी सत्ता आली की भिंतीवर नवा थर चढतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

तिसरा थर मराठ्यांचा आहे, पण तो रंगांचा नसून अक्षरांचा आहे. याच मंदिराच्या प्राकारात 1803 साली कोरलेला भोसले वंशाचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. देशातील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. तो का कोरला गेला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

परप्रांतीय राजा आणि पाच भाषांचे नाटक

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी अर्थात एकोजी राजे हे आदिलशाहीचे सरदार म्हणून दक्षिणेत आले आणि 1675-76 च्या सुमारास त्यांनी तंजावूरची गादी घेतली. प्रजा तमिळ, आधीच्या नायक दरबाराची साहित्यभाषा तेलुगू, विद्वानांची भाषा संस्कृत आणि राजघराणे मराठी, अशी स्थिती होती. तलवारीने राज्य मिळविता येते, पण मान्यता मिळवावी लागते. भोसल्यांनी ती मोठ्या प्रमाणात कलेच्या द्वारे मिळविली.

एकोजींचे पुत्र शहाजी राजे (कारकीर्द 1684-1712) यांनी तेलुगू, मराठी, संस्कृत अशा अनेक भाषांत रचना केल्या. त्यांच्या 'पंचभाषाविलास' नाटकातील पात्रे वेगवेगळ्या भाषांत बोलतात. दरबाराच्या रंगभूमीने राज्याचा बहुभाषिकपणा असा उघडपणे मान्य केला. याच दरबारात मराठी नाटकेही लिहिली गेली. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 1843 मध्ये केलेल्या 'सीतास्वयंवर' या प्रयोगापासून मराठी रंगभूमीचा आरंभ मानण्याची आपली पद्धत आहे. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची ही नाटके आहेत. पुढे तुळजाजी पहिले (1728-1736) यांनी 'संगीतसारामृत' हा संगीतशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ रचला. आक्रमक म्हणून आलेले घराणे दोन पिढ्यांत त्या भूमीच्या संगीताचे भाष्यकार झाले.

सत्ता गेली, सिंहासन राहिले

अठराव्या शतकात अर्काटचा नवाब आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या कात्रीत तंजावूर सापडले. 1773 मध्ये राज्य नवाबाच्या हाती गेले आणि 1776 मध्ये ते परत मिळाले. सरफोजी राजे दुसरे 1798 मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावूरचा किल्ला व लगतचा परिसर, ठरावीक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले.

आता 1803 च्या शिलालेखाचा अर्थ लागतो. ज्याच्या हातून राज्यकारभार गेला आहे, असा राजा आपल्या वंशाचा इतिहास चोल सम्राटाच्या मंदिरात कोरून ठेवतो. सेनेने जे सांगता येत नाही, ते तो दगडाकरवी सांगतो.

सरफोजी राजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ या मिशनरीच्या देखरेखीखाली शिकले होते. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाचा मोठा विस्तार केला, शाळा काढल्या आणि देवनागरी छापखाना चालविला. इसापनीतीचा 'बालबोध मुक्तावली' हा मराठी अनुवाद तेथे 1806 मध्ये छापला गेला. 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात त्यांनी तमिळ लोकनाट्याच्या घाटात जगाचा भूगोल बसविला. भविष्य सांगणारी भटकी कुरवंजी तेथे देशोदेशींची माहिती देते. दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही होता. मात्र याच राजांनी नेपोलियनविरुद्धच्या इंग्रजांच्या विजयाची स्मृती म्हणून समुद्रकिनाऱ्यावर 'मनोरा' हा बुरूज उभारला. ही निष्ठा होती, की गादी टिकविण्याची किंमत? दोन्ही उत्तरांना जागा आहे. परीक्षेत उत्तर लिहिताना त्यांतील एकच निवडण्याची घाई करू नका.

चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू याच दरबारातले. मुत्तुस्वामी दीक्षितांच्या या शिष्यांनी नृत्याच्या प्रयोगाला अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना असा क्रम दिला. आज जगभर भरतनाट्यमचा कार्यक्रम बहुतांशी याच क्रमाने होतो. कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुळले तेही याच काळात आणि वडिवेलूंचा त्यात वाटा आहे.

सगळी कला दरबारातच वाढली, असे मात्र नव्हे. तंजावूरजवळच्या तिरुवैयारूला राहणाऱ्या संत त्यागराजांनी (1767-1847) राजाश्रय नाकारला, अशी परंपरा सांगते. राजाश्रय हे वरदान आहे तसे बंधनही आहे, ही जाणीव त्या परंपरेने जपली आहे.

मुद्दुपळनीचे पुस्तक

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण एका पुस्तकाचे आहे. प्रतापसिंह राजांच्या (1739-1763) दरबारात मुद्दुपळनी नावाची विदुषी गणिका होती. तिने 'राधिकासांत्वनम्' हे तेलुगू शृंगारकाव्य लिहिले. राधेच्या मत्सराचे, तिच्या दुःखाचे आणि इच्छेचे वर्णन त्यात स्त्रीच्या बाजूने येते. काव्याच्या आरंभी तिने आपली आजी, आत्या अशा स्त्रियांची परंपरा अभिमानाने सांगितली आहे. मराठी राजाच्या दरबारात त्या काळी याचा गौरव झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या आवृत्तीतून हा आरंभीचा भाग आणि काही पद्ये गाळण्यात आली. थोर सुधारक वीरेशलिंगम् यांनाही हे काव्य अश्लील वाटले. बेंगळूरू नागरत्नम्मा या गायिकेने मूळ हस्तलिखित मिळवून 1910 मध्ये संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले. ती स्वतः देवदासी परंपरेतली होती. ब्रिटिश सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती उठविण्यासाठी 1947 साल उजाडावे लागले. एकाच काव्याला एका राजवटीत मान आणि दुसरीत बंदी मिळाली. काव्यातले अक्षर बदलले नव्हते, सभ्यतेची व्याख्या करणारे हात बदलले होते.

याच नागरत्नम्मांनी स्वतःच्या कमाईतून तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी बांधून घेतली. तेथील आराधनेच्या उत्सवात स्त्रियांना गायनाची मुभा नव्हती. समाधी बांधणाऱ्या स्त्रीलाच तेथे गाता येईना, तेव्हा तिने स्त्रियांचे स्वतंत्र गायन सुरू केले. पुढे 1940 च्या सुमारास सर्वांची आराधना एकत्र होऊ लागली.

सुधारणा आणि तिची किंमत

1855 मध्ये तंजावूरचे शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. खासगी मालमत्तेविषयीचा राणीचा दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. ही सार्वभौम सत्तेची कृती असल्याने न्यायालयाला तीत हात घालता येत नाही, असा निर्णय 1859 मध्ये झाला. आश्रयदाता संपताच कलावंत मद्रासकडे आणि अन्य संस्थानांकडे वळले. तंजावूरच्या राजकन्येचा 1880 मध्ये सयाजीराव गायकवाडांशी विवाह झाला, तेव्हा तिच्याबरोबर नर्तकी बडोद्याला गेल्या. बडोद्यात या नृत्याची परंपरा रुजली ती अशी.

मद्रासमध्ये वेगळाच वाद पेटला होता. मंदिराला मुली वाहण्याची प्रथा शोषणाची आहे, असे डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी मद्रास विधान परिषदेत ठामपणे मांडत होत्या. त्यांची स्वतःची आई देवदासी समाजातली होती. मूवलूर रामामृतम् अम्मैयार यांनीही आतून आलेल्या अनुभवाच्या बळावर या प्रथेविरुद्ध चळवळ केली. उलट नागरत्नम्मा आणि त्यांच्या सहकारी म्हणत होत्या की, कायद्याने आमची कला, मालमत्ता आणि प्रतिष्ठा हिरावली जाईल. 1947 मध्ये देवदासी प्रतिबंधक कायदा झाला. त्याआधीच, 1936 मध्ये, रुक्मिणीदेवींनी कलाक्षेत्राची स्थापना केली होती आणि 'सदिर' या नावाने ओळखले जाणारे नृत्य 'भरतनाट्यम' म्हणून सुशिक्षित घरांतील मुलींपर्यंत पोहोचू लागले होते. रुक्मिणीदेवींचे गुरू मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै हे त्या चार बंधूंच्याच कुळातले.

प्रथा संपली हे योग्यच झाले. परंतु कलेला प्रतिष्ठा मिळाली त्याच वेळी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया रंगमंचावरून बाहेर गेल्या. टी. बालसरस्वती यांच्यासारखे अपवाद थोडे. सामाजिक न्यायाचा कायदा करताना ज्यांच्यासाठी तो होतो आहे, त्यांच्या उपजीविकेचा आणि सन्मानाचा विचार कितपत होतो, हा प्रश्न उद्या प्रशासनात जाणाऱ्या तुमच्यापुढेही येणार आहे.

गाण्याची भाषा

संगीताच्या भाषेचा वादही याच खोऱ्याशी जोडलेला आहे. तंजावूरचे वैद्य व संगीतज्ञ अब्राहम पंडितर यांनी 1917 मध्ये 'करुणामृतसागरम्' या ग्रंथातून प्राचीन तमिळ संगीताची थोरवी मांडली. त्याआधी 1916 मध्ये बडोद्याला भातखंडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या संगीत परिषदेतही ते सहभागी झाले होते. मैफलींत तेलुगू आणि संस्कृत कृतींचेच प्राबल्य का, असा सवाल करीत 1940 च्या दशकात तमिळ इसै चळवळ उभी राहिली. हा प्रश्न अजून संपलेला नाही. 2020 मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या कुंभाभिषेकाच्या वेळी मंत्र कोणत्या भाषेत म्हणावेत, हा वाद उच्च न्यायालयात गेला आणि विधी संस्कृत व तमिळ या दोन्ही भाषांत झाला.

या वादांच्या पलीकडे देवाणघेवाणही चालू होती. मराठी कीर्तनाचा घाट तंजावूरच्या कृष्ण भागवतरांनी (1847-1903) आत्मसात केला आणि त्यातून दक्षिणेतील हरिकथेला नवे रूप आले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद त्या हरिकथेत तमिळ श्रोत्यांनी आपले म्हणून ऐकले.

आजचे आश्रयदाते

राजे गेले, आश्रयाची जबाबदारी मात्र लोकशाही राज्याकडे आली. सरस्वती महाल 1918 मध्ये सार्वजनिक ग्रंथालय झाले. दक्षिण क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय तंजावूरलाच आहे. फणसाच्या फळीवर कापड चिकटवून, खडूच्या लेपाने उठाव देऊन, सोन्याचा वर्ख आणि खडे बसवून केलेले तंजावूर चित्र, मान डोलावणारी बाहुली आणि फणसाच्या लाकडाची वीणा यांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले आहे. त्याने नावाचे रक्षण होते. कारागिराच्या मुलाने तोच व्यवसाय पुढे न्यावा एवढी मिळकत त्यातून होते का, हे वेगळ्याने तपासावे लागते. तीच गोष्ट मोडी लिपीतील दरबारी कागदांची. ते कागद जतन करता येतात, पण वाचणारे घडवावे लागतात. हे काम महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनाही करता येण्यासारखे आहे.

मित्रहो, यापुढे परीक्षेच्या पुस्तकात 'तंजावूर' हा शब्द दिसला की त्यापुढे केवळ 'चित्रशैली' असे लिहून थांबू नका. भिंतीवरचे थर, शिलालेख कोरविणारा सत्ताहीन राजा, बंदी घातलेले काव्य आणि स्वतःच बांधलेल्या समाधीपुढे गाण्यासाठी झगडणारी गायिका यांची आठवण ठेवा. कलेला आश्रय देताना राज्य काही निवडते आणि काही वगळते. उद्या ही निवड करण्याच्या जागी तुमच्यापैकी काही जण असतील. तेव्हा यादीत कोणाचे नाव आले यासोबत कोणाचे राहिले, हेही एकदा विचारून पाहा.