एकवीस तारांचा वारसा

पश्चिम आफ्रिकेतील मांदे लोकांत काही घराण्यांचा शब्द हाच कुलधर्म असतो. त्यांना 'जेली' म्हणतात. राजांच्या वंशावळी मुखोद्गत ठेवणे, लग्न-बारशाच्या प्रसंगी यजमानाच्या पूर्वजांची नावे घेऊन त्यांची कीर्ती गाणे, भांडणाऱ्या दोन कुळांत सलोखा घडविणे, ही त्यांची पिढीजात कामे. आपल्याकडील भाट-चारणांची आठवण यावी, असाच हा वर्ग आहे. जेलीच्या हाती वाद्य असते, पण ते शब्दाच्या सोबतीला. असे असता माली देशातील तुमानी जाबाते याने शब्द बाजूस ठेवला आणि केवळ वाद्यावर जन्मभराचा संसार मांडला. जेलीकुळात जन्मलेल्या माणसाच्या दृष्टीने हे धाडस लहानसहान नव्हते.

त्याचे वाद्य कोरा. आपल्या तंबोऱ्याप्रमाणे याचाही जन्म भोपळ्यातून होतो. मोठा भोपळा मधोमध कापून त्याच्या अर्ध्या भागावर गाईचे कातडे ताणून बसवितात व त्यातून एक लांब दांडा आरपार नेतात. कातड्यावर उभी घोडी असते आणि तिच्या दोन्ही कडांच्या खाचांतून तारा जातात : डावीकडे अकरा, उजवीकडे दहा. पूर्वी या तारा हरणाच्या कातड्याच्या असत. आता मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या असतात. दांड्यावर आवळलेली चामड्याची कडी वरखाली सरकवून स्वर मिळवावे लागतात, आणि हे काम मोठे चिकाटीचे आहे. वादक वाद्याचे तोंड आपल्याकडे करून बसतो, तीन-तीन बोटांनी दोन मुठी धरतो, आणि मग वाजविण्यास उरतात ते दोन अंगठे व दोन तर्जन्या. या चार बोटांतून खर्जाची चाल, मधली धून आणि वरचे अलंकार एकाच वेळी निघतात. मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाने १७९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात अशाच एका अठरा तारांच्या वाद्याचा उल्लेख आहे.

तुमानीचा जन्म १० ऑगस्ट १९६५ रोजी बामाको येथे झाला. वडील सिदिकी जाबाते हे मूळचे गाम्बियाचे आणि आपल्या काळातील कोराचे अग्रगण्य वादक. आई नेने कोइता ही गायिका. १९६० साली माली स्वतंत्र झाल्यावर नव्या राष्ट्राने जो वाद्यवृंद उभारला, त्यात हे दोघेही होते. लहानपणी पोलिओने तुमानीचा एक पाय अधू झाला आणि पुढे कुबडीचा आधार कायमचा जडला. इतर मुले धावत असताना हा मुलगा कोरापाशी बसून राही. वडिलांनी त्याला समोर बसवून पाठ दिले नाहीत. तो जे शिकला ते ऐकून, पाहून आणि चुकून. आपले घराणे एकाहत्तर पिढ्यांचे असल्याचे तुमानी सांगत असे. पिढीला पंचवीस वर्षे धरून कारकुनी हिशेब केला, तर गणित पावणेअठराशे वर्षांवर जाते, आणि माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता केइता तर तेराव्या शतकातला! परंतु वंशावळीचे आकडे हिशेबासाठी नसतात. ते मान ताठ ठेवण्यासाठी असतात.

विशीच्या आत असताना त्याने कांदिया कुयाते या प्रख्यात गायिकेला साथ केली. पुढे तो लंडनला गेला आणि तेथे १९८७ साली एका दुपारच्या बैठकीत 'काइरा' ही ध्वनिमुद्रिका झाली. तिच्यात गायन नाही, दुसरे वाद्य नाही, एकावर एक स्वर चढविण्याची यांत्रिक युक्तीही नाही. तरी हा एकच माणूस वाजवितो आहे, यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. काइरा म्हणजे शांती. १९४० नंतरच्या दशकात फ्रेंच सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुणांच्या चळवळीचेही हेच नाव होते, आणि सिदिकी त्या चळवळीत होते. मुलाने वडिलांचे गाणे घेतले, पण शब्द गाळून.

त्यानंतर त्याने स्पेनच्या फ्लामेंको कलावंतांबरोबर वाजविले, अमेरिकेच्या ताजमहाल या ब्लूज गायकाबरोबर वाजविले. या भेटी रंगतदार खऱ्या. परंतु कोराचे खरे बोल दोन निवांत बैठकींत ऐकावेत. १९७० साली सिदिकी व त्यांच्या पिढीच्या वादकांनी 'प्राचीन तारा' या अर्थाच्या नावाची ध्वनिमुद्रिका केली होती. त्यांतलेच एक जेलीमादी सिसोको. त्यांचा मुलगा बालाके हा तुमानीचा शेजारी. २२ सप्टेंबर १९९७ रोजी, मालीच्या स्वातंत्र्यदिनाच्या रात्री, ही दोन मुले बामाकोच्या परिषद-भवनातील संगमरवरी दालनात समोरासमोर बसली आणि त्यांनी वडिलांना तारांनीच उत्तर दिले. कोण कोणती तार छेडतो, हे त्यात ओळखू येत नाही.

दुसरी बैठक नायजर नदीकाठच्या एका हॉटेलातली, अली फार्का तुरे यांच्यासमवेत. अली हे उत्तरेकडील नियाफुंके गावचे शेतकरी व गिटारवादक; जेली नव्हेत. सिदिकींच्या पिढीच्या जुन्या चाली त्यांना मनापासून आवडत. तालमीचा फारसा प्रपंच न करता दोघांनी वाजविले. २००५ साली निघालेल्या या ध्वनिमुद्रिकेला पुढल्या वर्षी ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये अली निवर्तले.

बामाकोच्या ज्या संगीतविद्यालयात तुमानी कोरा शिकवीत असे, त्याला सुंजाताच्या जेलीचे, बाला फासेके कुयातेचे, नाव आहे. घरच्या अंगणातली विद्या वर्गात आणून बसविणे त्याला कमीपणाचे वाटले नाही. १९ जुलै २०२४ रोजी बामाको येथेच त्याचे निधन झाले.

२०१२ साली मालीत लष्करी बंड झाले, उत्तरेकडील शहरे सशस्त्र गटांच्या हाती गेली आणि तेथे संगीतावर बंदी आली. त्यानंतर, २०१४ साली, तुमानीने आपल्या मुलासह एक ध्वनिमुद्रिका काढली. मुलाचे नाव आजोबांचेच, सिदिकी. तो मालीतील तरुणांचा लाडका गायक. येथे मात्र दोघांच्याही हाती फक्त कोरा आहे. त्यातल्या एका संथ रचनेचे नाव 'लाम्पेदुसा'. ऑक्टोबर २०१३ मध्ये इटलीच्या त्या बेटाजवळ आफ्रिकेतून युरोपकडे निघालेल्यांची नौका बुडाली आणि साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. जेलीने मृतांची नावे घ्यावीत, त्यांचे कूळ सांगावे, ही रीत. बुडालेल्यांपैकी अनेकांची नावेही कोणास ठाऊक नव्हती. बापलेक ती धून अखेरपर्यंत वाजवितात. गाणारे कोणी नाही.