बंदराबाहेर थांबणारी जहाजे

शाळेतला पृथ्वीगोल जवळ असेल तर त्यावर क्यूबा देश शोधा. त्याच्या दक्षिणेला कॅरिबियन समुद्रात तीन बारीक ठिपके दिसतील. ती केमन बेटे. कोलंबसाला यांतली धाकटी दोन १५०३ साली दिसली. भोवती कासवेच कासवे, म्हणून त्याने नावही कासवांचेच ठेवले. आज ही बेटे ब्रिटनच्या अमलाखाली आहेत आणि कासवांहून प्रवासी जहाजांसाठी अधिक ठाऊक आहेत.

हे प्रवासी जहाज म्हणजे एक तरंगते गावच. सकाळी ते थोरल्या बेटाच्या, म्हणजे ग्रँड केमनच्या, जॉर्ज टाउन बंदराबाहेर येऊन उभे राहते. बाहेर म्हणतो ते एवढ्यासाठी, की एवढ्या जहाजांना लागायला तिथे धक्काच नाही. लाँचींतून माणसे किनाऱ्यावर आणायची आणि दिवस कलायच्या आत परत न्यायची. मुक्काम काय तो काही तासांचा. तेवढ्यात कोणी बाजार गाठतो, कोणी वाळूत पडून राहतो, आणि पुष्कळजण काचेच्या तळाच्या होडीत बसून प्रवाळ पाहायला जातात.

प्रवाळ म्हणजे आपले पोवळे, किंवा त्याचा भाऊबंद म्हणा. अंगठीतले तांबडे पोवळे बहुतेक भूमध्य समुद्रातले असते. दिसायला दगड, फांद्या पाहाव्यात तर झुडूप, पण आहे तो प्राणी! दाण्याएवढे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन त्याची घरे बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ बिऱ्हाड करून असते. ते उन्हात अन्न तयार करते आणि भाडे म्हणून घरमालकाला देते. ऊन तळाशी पोचायचे तर पाणी नितळ हवे. ग्रँड केमनवर एकही नदी नाही, म्हणून गाळही नाही. पावसाळ्यात कोकणच्या खाड्यांतून तांबडे पाणी समुद्रात उतरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको. आपल्या मालवणजवळही थोडी प्रवाळे आहेत. ती पाहायची तर पावसाळा सरून पाणी निवळण्याची वाट पाहावी लागते.

प्रवाळाचे मोठे गोळे वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. माणसाएवढा उंच गोळा म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांचे बांधकाम. २०१४ साली जॉर्ज टाउनसमोर एका प्रवासी जहाजाचा नांगर अशाच बांधकामावर पडला, आणि साखळीने आजूबाजूचेही मोडले. मग गावातले पाणबुडे स्वखुशीने कामाला लागले. त्यांनी तुकडे गोळा केले आणि महिनोन् महिने सिमेंटने ते पुन्हा बसवत राहिले.

इकडे सरकारच्या मनात धक्का बांधायचे होते. त्यासाठी बंदराचा तळ खणावा लागणार होता, आणि प्रवाळ तर तिथेच, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथेच ‘कॅली’ नावाच्या बुडालेल्या जहाजाचा सांगाडाही आहे. त्यात तांदूळ भरला होता म्हणे. पाणी शिरले, तांदूळ फुगला आणि जहाजच उसवले!

टॅक्सीवाले आणि दुकानदार म्हणत, धक्का झालाच पाहिजे. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. अलीकडची सर्वांत मोठी जहाजे धक्का नसेल तिथे थांबायला तयार नसतात, आणि २०२४ साली झाले तरी बेटावर दहा लाखांवर माणसे जहाजांनीच आली होती. दुसरी बाजू विचारी, प्रवाळ गेले तर ही माणसे पाहायला काय येणार? शिवाय वादळाची लाट प्रवाळाच्या बांधावर फुटते म्हणून किनारा शाबूत राहतो. तो बांध पुन्हा कोण घालून देणार?

तिथल्या राज्यघटनेप्रमाणे एक चतुर्थांश मतदारांनी सह्या केल्या की सार्वमत घ्यावे लागते. २०१९ साली लोकांनी तेवढ्या सह्या घरोघर फिरून जमवल्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि ती योजना बारगळली. प्रश्न मात्र मिटला नाही. अखेर ३० एप्रिल २०२५ रोजी निवडणुकीबरोबरच लोकांना सरळ विचारले गेले, आणि त्यांनी मोठ्या बहुमताने ‘धक्का नको’ असा कौल दिला. मला तो शहाणपणाचा वाटतो. पण माझे पोट काही त्या बंदरावर चालत नाही.

वारा पडलेला असला की लाँची मजेत ये-जा करतात. समुद्र खवळला, की जहाज कोणालाच न उतरवता पुढच्या बंदराकडे निघून जाते, आणि किनाऱ्यावर टॅक्सीवाले त्याच्याकडे पाहत उभे राहतात.