रत्नागिरीची रंगभूमी : उत्सवातली आणि नाट्यगृहातली

रत्नागिरीत नाटक, गाणे आणि विनोद यांचे प्रयोग दोन पंचांगांवर चालतात. एक सणांचे, दुसरे नाट्यगृहाच्या तारखांचे. गणपती, शिमगा आणि देवळांचे उत्सव या दिवसांत मुंबईचे चाकरमानी गावी येतात, तेव्हा कलावंत आणि प्रेक्षक एकदमच गोळा होतात. नाट्यगृहाचा हंगाम मात्र पावसाळा सरल्यावर भरात येतो.

सणांच्या पंचांगातला जुना प्रकार म्हणजे नमन. शिमग्यात पालखीबरोबर नमन सादर करणारे खेळे घरोघर फिरतात. मृदंगाच्या साथीने देवतांना वंदन, गण, गौळण आणि शेवटी वगनाट्य असा रंगमंचावरील नमनाचा साधारण क्रम. काळ्या वेषातला संकासुर पोरांना घाबरवतो आणि हसवतोही. गौळणीतली मावशी गावातल्या ताज्या घडामोडींवर कोट्या करते. संहितेचा सांगाडा ठरलेला, विनोद मात्र बराचसा जागच्या जागी सुचलेला असतो.

गणपतीत जाखडी रंगते. नाचणारे पायांत घुंगरू बांधून रिंगण धरतात, गायक-वादक मधोमध बसतात. तिचे स्पर्धेचे रूप म्हणजे शक्ती-तुरा. शक्तीवाले प्रकृतीची, तर तुरेवाले पुरुषतत्त्वाची बाजू घेतात. पुराणातले कोडे गाण्यातून घालायचे, समोरच्या शाहिराने ते गाण्यातूनच सोडवायचे. त्यामुळे पाठांतर, हजरजबाबीपणा आणि गळा यांची परीक्षा एकाच बारीत, म्हणजे सामन्यात, होते. मुंबईतल्या कोकणी मंडळांनी नमन आणि शक्ती-तुरा तिकीट लावून नाट्यगृहांत नेले.

देवळाच्या उत्सवातले हौशी नाटक ही तिसरी धारा. गावातल्याच मंडळींनी तालमी करायच्या, पूर्वी पुरुषांनीच स्त्रीपार्ट करायचे आणि रात्र जागवायची. अशा हौशी प्रयोगातला गोंधळ राजापूर तालुक्यातल्या गंगाराम गवाणकरांनी ‘वस्त्रहरण’मध्ये नाटकाचा विषयच केला. मच्छिंद्र कांबळी यांच्या भूमिकेसह ते 1980 मध्ये व्यावसायिक रंगमंचावर आले आणि पुढे त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. गावात रोजच्या बोलण्यातली मालवणी बोली त्यामुळे मुंबईच्या तिकीटबारीवर चालू लागली.

रत्नागिरी शहरात नाटकाला सामाजिक विचाराची जोडही मिळाली. वि. दा. सावरकर 1924 ते 1937 या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारणाला बंदी असल्याने त्यांनी समाजसुधारणेवर भर दिला. अस्पृश्यतेच्या प्रश्नावरचे ‘संगीत उःशाप’ (1927) आणि ‘संगीत संन्यस्त खड्ग’ (1931) ही नाटके याच काळातली. यांपैकी दुसरे नाटक मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. शहरातल्या नगरपालिकेच्या नाट्यगृहालाही सावरकरांचेच नाव आहे.

संगीत नाटकाचा वारसा आज ‘खल्वायन’ ही संस्था सांभाळते. ती नवी-जुनी संगीत नाटके करते आणि मासिक संगीत सभाही भरवते. नाटक नसलेल्या दिवसांतही गायकाचा रियाज आणि श्रोत्यांचा कान टिकतो, हा अशा सभांचा खरा उपयोग. ‘आर्ट सर्कल’चा संगीत महोत्सव थिबा राजवाड्याच्या आवारात होतो. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी बांधलेली ही वास्तू त्यामुळे मैफलीची जागा झाली आहे.

गद्य नाटकाला शिस्त लावली ती राज्य शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धेने. रत्नागिरी तिचे एक केंद्र असल्याने शिक्षक, नोकरदार आणि विद्यार्थी संध्याकाळी तालमी करून ठरलेल्या तारखेला प्रयोग उभा करतात.

व्यावसायिक नाटके दौऱ्यावर येतात. मुंबईहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास, नेपथ्य आणि मुक्काम यांचा खर्च एका प्रयोगात निघणे कठीण, म्हणून चिपळूण, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सलग प्रयोग लावले जातात. दौरा पुढे निघून गेला की नाट्यगृहाचे पंचांग पुन्हा स्थानिक संस्थांच्या हाती येते, आणि या संस्थांचे नट, गायक, वादक बहुधा सणांच्या पंचांगातच तयार झालेले असतात.