जुन्या मोटारीचा श्वास

जुनी मोटार जपणें हा आजकाल पुष्कळ सुशिक्षित घरांतून आवडीचा विषय होऊन बसला आहे. आजोबांनीं घेतलेली गाडी विकावयाची नाहीं असें एकदां ठरलें, म्हणजे पुढचा विचार येतो तो तिची चाल वाढविण्याचा. मग कोणी तरी सांगतो, जुना कार्बुरेटर काढा आणि मोठा बसवा. सल्ला सोपा आहे. पण त्याची किंमत कित्येकदां एंजिनाला द्यावी लागते. तेव्हां कार्बुरेटर निवडावा कसा आणि त्याचा मेळ घालावा कसा, याविषयीं चार गोष्टी आज आपणांस सांगाव्या असें मीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल एक गाडी घेऊं आणि एक गांव घेऊं. गाडी म्हणजे फियाट अकराशें. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें ती मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत बनविली, आणि १९७४ पासून ती 'पद्मिनी' या नांवानें घरोघरीं परिचित झाली. गांव म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यांतील माजरी. वर्धा-बल्लारशा लोहमार्गावरचें, जेथून वणीकडे फांटा फुटतो तें जंक्शन. भोंवतीं कोळशाच्या उघड्या खाणी, रस्त्यांवर कोळशाचे ट्रक, आणि मे महिन्यांत ४५ अंशांपलीकडे जाणारा पारा. कार्बुरेटरची परीक्षा पाहावयास याहून कठीण जागा शोधावी लागणार नाहीं.

कार्बुरेटरचें काम तसें साधें आहे. आंत येणारी हवा एका अरुंद गळ्यांतून जाते. तेथें तिचा वेग वाढतो व दाब उतरतो. आणि त्या उतरलेल्या दाबामुळें एका बारीक छिद्रांतून, ज्याला जेट म्हणतात, पेट्रोल ओढलें जाऊन हवेंत फवारलें जातें. सारें कार्य हवेच्या वेगावर चालतें, हें ध्यानांत ठेवावें.

आतां थोडा हिशेब करूं. फियाटचें एंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें. मिनिटाला ५००० फेरे घेतांना, सिलिंडर पूर्ण भरत नाहींत हें जमेस धरून, तें मिनिटाला सुमारें २२०० लिटर हवा ओढतें. गळा २३ मिलिमीटरचा असेल तर तेथें हवेचा वेग सेकंदाला ८७ मीटर होतो. २८ मिलिमीटरचा केला तर ६० च्याहि खालीं येतो. मोठ्या गळ्यांतून हवा सुलभ जाते खरी, पण हेंच एंजिन १५०० फेऱ्यांवर असतां मोठ्या गळ्यांत वेग अवघा १८ मीटर उरतो. पेट्रोल मग नीट फवारलें जात नाहीं, थेंबांनीं वाहतें. आणि गाडी गर्दींत व चढावर अडखळते. आपली गाडी बहुतेक आयुष्य ज्या गतीनें चालते, त्या गतीस शोभेल एवढाच गळा घ्यावा.

कार्बुरेटरच्या जाती पुष्कळ. सोलेक्समध्यें गळा व जेट ठरलेले असतात. तो साधा व सोशीक. इंग्लंडांतील स्किनर बंधूंच्या 'एस. यू.' मध्यें एक पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणें वरखालीं होऊन गळा आपोआप लहानमोठा करतो, आणि निमुळती सुई पेट्रोलचें माप राखते. रस्त्यावरच्या गाडीला चाल हवी असेल तर हा मार्ग समंजस होय. इटलींतील एदोआर्दो वेबर यांच्या नांवाचे जोडगळ्यांचे कार्बुरेटर शर्यतींत नामांकित झाले. परंतु त्यांत गळे, जेट, हवेचे जेट, मिश्रणनळ्या, सारें जुळवावें लागतें. ज्याच्यापाशीं वेळ आणि सुट्या जेटांचा संच आहे, त्यानेंच त्या वाटेस जावें.

मेळ घालण्याचा क्रम मोडूं नये. आधीं व्हॉल्व्हचीं अंतरें, मग ठिणगीची वेळ, मग हवेची गळती, मग फ्लोटमधील पेट्रोलची पातळी. आणि सर्वांत शेवटीं कार्बुरेटर. दोन कार्बुरेटर असतील तर रबरी नळीचें एक टोक कानाशीं व दुसरें एकेकाच्या तोंडाशीं धरून दोहोंचा फुत्कार सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवावे. एस. यू. चा पिस्टन पाऊण मिलिमीटर उचलून पाहावा. एंजिनाची गति वाढून तशीच राहिली तर मिश्रण दाट. एंजिन बंद पडूं लागलें तर पातळ. किंचित् वाढून पुन्हां जागेवर आली तर बरोबर.

येथें माजरीची हवा मध्यें येते. उन्हाळ्याच्या दुपारची हवा विरळ असते. जानेवारींतील पहांटे, पारा १२ अंशांवर असतां, तीच हवा शेंकडा ११ नीं घन होते. पण जेटमधून येणारें पेट्रोल त्याच्या निम्म्यानेंच वाढतें. म्हणजे मे महिन्यांत अचूक लावलेलें मिश्रण जानेवारींत शेंकडा पांचांनीं पातळ पडतें.

त्यांत इंधनहि बदललें आहे. भारतांत २०२३ पासून शेंकडा २० इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल येऊं लागलें व २०२५ पर्यंत बहुतेक सर्वत्र तेंच झालें. निव्वळ पेट्रोलच्या एका भाराला हवेचे १४.७ भार लागतात. या मिश्र पेट्रोलला सुमारें साडेतेराच. जुना जेट तसाच ठेवला तर मिश्रण आणखी शेंकडा आठांनीं पातळ होतें. १३० क्रमांकाच्या जेटऐवजीं १३५ चा घातला तर ही तूट जवळजवळ भरून निघते. जुन्या रबरी नळ्या व पडदेहि बदलावे. इथेनॉलपुढें ते टिकत नाहींत, आणि तापलेल्या एंजिनावर ठिबकलेलें पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण होय.

पातळ मिश्रणाचा धोका असा कीं तें फारसें ओरडत नाहीं. दाट मिश्रण धूर काढतें, वास सोडतें. पातळ मिश्रणानें एंजिन थोडें अडखळतें, जास्त तापतें, एवढेंच. आणि तेवढ्या अवधींत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह करपतात, भारांत पिस्टनलाहि भोंक पडूं शकतें.

शेवटची गोष्ट धुळीची. शर्यतीच्या छायाचित्रांत वेबरचीं उघडीं, तुतारीसारखीं तोंडें फार शोभतात. माजरीच्या रस्त्यावर तीं तोंडें उघडीं ठेवणें म्हणजे सिलिंडरांत घांसकागद सोडणें होय. धुळींतील वाळूचे कण पिस्टनच्या रिंगा झिजवितात, आणि वाढविलेली शक्ति तेल जाळण्यांत खर्ची पडते. हवेची चाळणी मोठी घ्यावी, वेळोवेळीं स्वच्छ करावी, आणि मेळ घालावयाचा तो चाळणी बसवूनच घालावा. उन्हाळ्यांत पेट्रोल नळींतच उकळूं नये म्हणून नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी व कार्बुरेटरखालीं उष्णतारोधक तुकडा घालावा.

हीं एंजिनें आतां कोणी नव्यानें ओतणार नाहीं. एक सिलिंडर झिजला म्हणजे घरांतील एक जिव्हाळ्याची वस्तु उणी होते. म्हणून कार्बुरेटर विकत घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: माझें एंजिन हवा किती ओढतें, ती हवा कोणत्या गांवची आहे, आणि पेट्रोल कोणतें आहे. यांचीं उत्तरें हातीं असलीं म्हणजे दुकानदाराचें बोलणें ऐकावयास हरकत नाहीं.