महिन्याची तोंडमिळवणी



महागाईचा विषय निघाला, की पगार कितीही असो, ‘हल्ली काही भागत नाही बघा’ हे ठरलेलं. पुण्यातल्या सोसायटीत सातव्या मजल्यावरचे साहेब हे म्हणतात आणि त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशीही म्हणतात. खोटं कुणीच बोलत नाही. पण दोघांचे हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

मावशींना चार घरांचे मिळून बारा-तेरा हजार मिळतात, असं धरू. ते एकदम हातात पडत नाहीत. कुणी एक तारखेला देतं, कुणी दहाला. कुणी स्वतः गावाला गेलं तरी मावशींचेच खाडे धरतं. मग महिन्याचा किराणा एकदम भरायचा कुठून? पाव किलो साखर, दहा रुपयांची चहापुडी, जमेल तसं तेल. असा थोडा थोडा घेतलेला माल बहुधा महागच पडतो. खोलीचं भाडं आणि भिशी चुकवून चालत नाही. लांबणीवर पडतो तो सासूबाईंचा मोतीबिंदू, नाहीतर मावशींचा स्वतःचा दुखरा दात.

सातव्या मजल्यावर नवरा-बायकोचे मिळून दीड लाख येतात. पन्नास लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ताच सुमारे ४३ हजारांचा. शिवाय गाडी, शाळेची फी, विमा, एसआयपी. पाच तारखेलाच खात्यात खडखडाट. ही ओढाताणही खरी आहे. नोकरी गेली म्हणून हप्ता थांबत नाही. पण जाणाऱ्या पैशातला काही भाग घराच्या आणि गुंतवणुकीच्या रूपानं त्यांच्याच नावावर जमा होतो. घरच्या वहीत मात्र तो सगळा ‘खर्च’.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिलं, की मिळकत वाढते तसा अन्नावरच्या खर्चाचा वाटा घटतो. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीत तो वाटा खेड्यांत ४७ टक्के, तर शहरांत जवळपास ४० टक्के निघाला. त्याच पाहणीत शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये होता, ग्रामीण माणसाचा ४,१२२. म्हणजे शहरातल्या चौघांच्या घराला साधारण २८ हजार. हा आकडा ऐकून दीड लाखवाल्यांना नवल वाटेल, कारण ते स्वतःला मध्यमवर्गीय समजतात. त्यांची नजर असते बाणेरला तीन बेडरूमचा फ्लॅट घेणाऱ्या सहकाऱ्याकडे. खाली बघून हिशेब कोण करतो?

तेव्हा कुणी ‘भागत नाही’ म्हटलं, की पुढचा प्रश्न विचारावा: मग या महिन्यात काय राहिलं? केरळची सहल राहिली, की डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी? पगाराच्या आकड्यापेक्षा या उत्तरावरून घरची स्थिती लवकर कळते.

आणि ज्यांच्या घरी मावशी येतात, त्यांनी एवढं जरूर करावं. पगार एक तारखेला, एकरकमी द्यावा आणि आपण गावाला गेलो तर खाडे धरू नयेत. आपल्या खर्चात यानं फारसा फरक पडणार नाही. त्यांना मात्र महिन्याचा किराणा एकदम भरता येईल.